उतावळ्या संघांचे क्वार्टरबॅक

दर वसंतात अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की तोच उतावळेपणा पाहावा लागतो, आणि आता त्याचा खरोखर वीट आला आहे. चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, नसलेला संघ पुढील वर्षांच्या निवडी (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दुसऱ्या संघाला देऊन ड्राफ्टमधला वरचा क्रमांक मिळवतो आणि कोवळ्या मुलाला पहिल्याच सामन्यात उभे करतो. कॅरोलायना पँथर्सनी 2023 मध्ये पहिल्या क्रमांकासाठी आपला सर्वोत्तम रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) डीजे मूर आणि चार निवडी शिकागोच्या संघाला दिल्या, त्यातून क्वार्टरबॅक ब्राइस यंगला आणले, पण त्याने चेंडू फेकायचा कोणाकडे आणि त्याला वाचवायचे कोणी, हे प्रश्न तसेच सोडले. त्या हंगामात तो 62 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. पाय रोवून मान वर करेपर्यंत समोरचे धिप्पाड खेळाडू अंगावर आलेले असत, आणि ते पाहताना जीव तुटत असे. त्यातच 11 सामन्यांनंतर प्रशिक्षक फ्रँक राइक यांनाही काढले, म्हणजे घडवणारा हातही गेला.

कॅन्सस सिटीच्या संघानेही 2017 मध्ये 27 वरून 10 व्या क्रमांकावर येण्यासाठी किंमत मोजली होतीच, पण नवा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला त्यांनी अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे जवळजवळ अख्खा हंगाम शिकू दिले आणि प्रशिक्षक अँडी रीड आपल्या जागी राहिले. आधी क्वार्टरबॅकला वाचवणारी ऑफेन्सिव्ह लाइन भक्कम करा, प्रशिक्षकाला पुरेसा काळ द्या, आणि मगच भविष्यातल्या निवडींना हात लावा, एवढेच मागणे आहे.