धीमे लोग उधर
परवाचा अपमान अजून घशाखाली उतरलेला नाही. शांघायला हुआंगपू नदीच्या पूर्वेच्या काठावर मी नुसता चालत होतो. आजवर चालण्यावरून मला कुणी हटकलेलं नव्हतं.

पुडोंगच्या या काठावर 22 किलोमीटरची सलग वाट आहे, 2017 साली पुरी झालेली. तिचे पट्टे तीन: चालायचा, पळायचा, सायकलचा. मी पळायच्या पट्ट्यावर होतो, कारण तो पायाला मऊ लागत होता. शिवाय मान वर. 632 मीटरचा शांघाय टॉवर बघणारा माणूस पायाखाली कशाला बघेल?

शिट्टी वाजली. गणवेशातले एक मामा आले, स्वतःच्या मोबाईलशी काहीतरी पुटपुटले आणि तो माझ्या नाकासमोर धरला. आतली बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "आप धीमे हैं। धीमे लोग उधर।"

आता माझ्या पुढे चार हातांवर एक आजोबा उलटे चालत होते. इथल्या म्हाताऱ्यांचा हा व्यायामच आहे. वर टाळ्या. म्हणजे आम्ही निघालेलो एकाच दिशेला, पण समोरासमोर! माझी हजेरी ऐकायला ते थांबलेसुद्धा. मी बोट दाखवलं, मग हे कसे चालतात? बाई म्हणाली, "दादाजी व्यायाम कर रहे हैं। आप क्या कर रहे हैं?"

"घूम रहा हूँ," मी फोनला म्हणालो. त्याचं तिने काय केलं देव जाणे. मामांनी डोक्याभोवती बोट गरगर फिरवलं, कळवळून माझा दंड धरला आणि मला बाकावर बसवलं.

समोरच्या काठावर हिरव्या टोपीचं ससून हाऊस, 1929 चं. मुंबईहून इकडे अफू धाडून गबर झालेलं घराणं. पुण्यात ससून म्हटलं की इस्पितळ. त्यांची इथे अफू चालली, माझं चालणं चाललं नाही.

बरं, चालायच्या पट्ट्यावर तरी जागा होती का? तिथे लग्नाआधीचे फोटो चाललेले. नवरीचा झगा पट्टाभर, त्यावरून उडी मारायची की खालून जायचं? पट्टे आखा हो, पण काही न करणाऱ्यालाही एक द्या की! सुट्टीतसुद्धा माणसाने वेग दाखवायचा?

शेवटी इरेला पेटलो. मऊ पट्ट्यावर परत आलो आणि पळत सुटलो. आजोबा पुढे, उलटे, माझ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत. पन्नासेक पावलं पळलो. ते काही हाताला लागले नाहीत.