पोरगं अंगानं भरावं म्हणून

पोरगं तिसरीत गेलं तरी त्याच्या बरगड्या दिसतात, ही नामुष्की बेळगावच्या शहापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याच घराला परवडणारी नाही. जत्रेला पाहुणे जमतात आणि आज्जी चारचौघांत दंड चाचपून सुनेला विचारते, "खायला घालत नाहीस काय गं?" ही वेळ टाळायची तर आतापासून तयारीला लागा.

आधी झोप कमी करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी, असं डॉक्टर म्हणतात. म्हणेनात का! तुमची मालिका संपेपर्यंत त्याच्या हातात मोबाईल असू दे आणि सकाळी सातला व्हॅनचा हॉर्न वाजला की ओढून उठवा. झोप अपुरी पडली की भूक चाळवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं घटतं. दमडी न मोजता भूक वाढते, आणखी काय पाहिजे?

शाळा मराठी, कन्नड की इंग्रजी, यावर घरात हवं तेवढं भांडा. फक्त ती पायी जाण्याजोगी नसावी. वडगावचं पोर कॅम्पात गेलं पाहिजे. रिक्षावाले मामा दप्तरसुद्धा उचलून ठेवतात.

जागतिक आरोग्य संघटना रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल मागते. आमच्या वेळापत्रकात ते बसत नाही. पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी घेतलाय, संध्याकाळी ट्यूशन, पुढं अबॅकस. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस, म्हणजे चिखल. मग थंडी, म्हणजे सर्दी. मग परीक्षा, मग ऊन. संपलं वर्ष. गावोगावी कुस्त्यांची मैदानं भरतात ती बघायला जरूर न्या, खांद्यावर बसवून न्या. पण पोराच्या गुडघ्याला माती लागता कामा नये. युनिफॉर्म धुणार कोण?

मध्ये एक सरकारी विघ्न आलं होतं. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमानुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. घाबरू नका. एक्कावन्नाव्या मीटरला दुकान आहेच, आणि तिथवर पोर चालत जातं, हाच त्याचा दिवसभराचा व्यायाम. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. चिप्सच्या पाकिटानं तो कधीच सोडवलाय. कर्नाटकातल्या चिकोडीत मिळतं तेच महाराष्ट्रातल्या चंदगडात.

डब्यात जोंधळ्याची भाकरी नको, वर्गात इज्जत जाते. तहान लागली की कोला द्या. ३०० मिलीलिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, पाण्यात काय असतं? पास झालं की कुंदा. मार्क कमी पडले तर रडू नये म्हणून कुंदा. रात्रीचं जेवण कार्टूनसमोर. किती घास गेले ते त्यालाही कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही.

एवढं करूनही एखादा डॉक्टर टेप काढतोच. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, म्हणून तोंड वाकडं करतो. त्याला शांतपणे सांगा, आमच्या घराण्यातच हाडं जाड. आणि आलाच आहात तर धाकटीसाठी भुकेचं टॉनिक लिहून घ्या. दिवसभर गल्लीत हुंदडते, मेलीच्या अंगाला काही लागतच नाही.