लिफ्ट वर हाय, दम धरा

कोल्हापुरात पत्ता सांगायला तालमीचं नाव आणि समोरची चहाची गाडी एवढं पुरतं. आमच्या बिल्डिंगला तेही लागत नाही. रिक्षावाल्याला "ती लिफ्टवाली" म्हटलं की तो आपल्या हातातल्या पिशव्यांकडे बघतो आणि विचारतो, "कितवा मजला वं?" अकरावा म्हटलं की हळहळतो आणि सुट्टे पैसेसुद्धा परत देतो.

खाली पार्किंग, वर अकरा मजले, मजल्यावर चार फ्लॅट. लिफ्ट दोन, असं विकताना सांगितलं होतं आणि ते आजही खोटं नाही. फक्त डावी लिफ्ट आहे ती उजवीला जगवायला. उजवीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, जळाला, डावीचा काढा. दाराचा रोलर झिजला, डावीचा काढा. आता डावीत पंखा आणि आरसा तेवढा उरलाय, आणि पंख्यावर पाचव्या मजल्याचा डोळा आहे. याचं मूळ मेंटेनन्सच्या करारात असतं. करार दोन तऱ्हेचे. एकात सुटे भाग धरून सगळं कंपनीच्या गळ्यात. दुसऱ्यात महिन्यातून एकदा माणूस येतो, ग्रीस लावतो, झटकतो, वहीत सही घेतो. दुसरा स्वस्त पडतो, म्हणून कमिटीला तोच पटतो. पार्ट गेला की मग कोटेशन येतं, आणि कमिटी डाव्या लिफ्टकडे बघते.

लिफ्ट बोलावण्याचंही तंत्र असतं. दाराशेजारी दोन बटणं, एक वरचं, एक खालचं. आपल्याला जिकडं जायचंय ते दाबायचं, बस. आमच्याकडचा समज वेगळा: लिफ्ट खाली आहे, ती वर यायला पाहिजे, म्हणून वरचं दाबा. सावध माणसं दोन्ही दाबतात. मग सहाव्या मजल्यावर खाली जाणाऱ्यासाठी वर निघालेली लिफ्ट थांबते. दार उघडतं. "वर चाललीया." "असू दे, जावा तुम्ही, मी खाली जाणार हाय." दार मिटतं. येताना पुन्हा तोच थांबा. एका फुकट थांब्याला दार उघडून मिटेपर्यंत दहाएक सेकंद जातात. प्रत्येक मजल्यावर एकेक सावध माणूस धरा आणि दूध आणायला गेलेला कधी परत येईल त्याचा हिशेब मांडा.

आतल्या पाटीवर लिहिलंय, सहा व्यक्ती, 408 किलो. म्हणजे माणशी 68. हा आकडा ज्यानं ठरवला तो गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन तालमीत गेलेला नसणार. आमच्याकडे चौथा माणूस आत आला की लिफ्ट जरा बसते आणि पाचव्याला बझर सुरू. बझर वाजला की शेवटी आलेल्यानं उतरायचं, ही जगाची रीत. इथं शेवटी आलेला पोट आत घेतो आणि म्हणतो, "हुतंय की, दाबा!" भाजीची पिशवी खाली ठेवलेली असेल तर ती हातात उचलून धरली जाते, म्हणजे तिचं वजन लिफ्टला लागू नये. आणि भरलेला गॅस सिलिंडर तीसएक किलोचा, आतला गॅसच 14.2 किलो. तो आत असेल तर माणूस एक कमी घ्यायचा. सिलिंडरवाल्याला हे कळतं, त्या एका माणसाला कळत नाही.

लिफ्ट बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वजन नव्हे. ते असतं दाराखालच्या खाचेत. वाळूचा खडा, नारळाची शेंडी, लग्नघरातून आलेल्या अक्षता. दार येतं, अडतं, मागं सरतं, पुन्हा येतं, आणि चार-पाच वेळा झालं की रुसून उघडंच राहतं. एका मजल्यावरचं दार नीट मिटलं नाही तर लिफ्ट हलत नाही. ती तशीच बनवलेली असते आणि ते बरंच आहे, नाहीतर उघड्या खड्ड्यात माणूस जाईल. उपाय म्हणजे जुना टूथब्रश आणि दोन मिनिटं. खाचेत खोबरेल ओतू नका. तेलाला धूळ चिकटून चार दिवसांत काळी चटणी होते. आणि सामान येईपर्यंत दारात कोल्हापुरी चप्पल आडवी टाकायची पद्धत बंद करा. चपलेला काही होत नाही, दाराचा बेल्ट जातो.

वीज गेली की लिफ्ट मधेच थांबते तेव्हा दोर तुटेल म्हणून जे देवाचं नाव सुरू होतं, त्यात देवाला उगाच त्रास आहे. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगनं लागलेला असतो आणि विजेनं सुटतो. वीज गेली म्हणजे ब्रेक लागला. दोरही एक नसतो, आणि वेग वाढलाच तर केबिन रुळाला धरून ठेवणारी वेगळी सोय असते. हवा कोंडत नाही, फटी असतात. धोका एकाच गोष्टीत आहे, तो म्हणजे दार फाकवून अर्ध्या उंचीवरून उडी मारणं. केबिनच्या खाली सगळा खड्डा मोकळा असतो. अलार्म दाबा, फोन लावा, खाली बसा.

खरं तर बसावंही लागू नये. बॅटरीवर चालणारं एक यंत्र लिफ्टला सावकाश जवळच्या मजल्यावर नेतं आणि दार उघडतं. आमच्याकडे ते आहे. त्यातल्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मरतात, आणि मेलेल्या बॅटरीचाही चार्जिंगचा लाल दिवा छान पेटत राहतो. म्हणून महिन्यातून एकदा, आत कुणी नसताना, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे आली की मेन स्विच पाडून बघायचा. लिफ्ट हलली तर बॅटरी जिवंत.

माणूस आत अडकला असताना नाही हलली तर टेरेसवरच्या मशीन रूमची किल्ली शोधायची. हे काम शिकलेल्या दोघांनीच करायचं. आधी मेन बंद, मग सगळ्या मजल्यांची दारं मिटलीत याची खात्री, मग एकानं लिव्हरनं ब्रेक थोडा थोडा सोडायचा आणि दुसऱ्यानं मोठं चाक फिरवायचं. पलीकडच्या टोकाला जे काउंटरवेट असतं ते रिकामी केबिन अधिक साधारण अर्धी माणसं एवढ्या वजनाचं. त्यामुळे लिफ्ट भरलेली असेल तर खाली न्यायला सोपी, आणि एकटा माणूस अडकला तर तो आपोआप वर जातो. हे त्याच्या घरच्यांना सांगताना शब्द जपून वापरावेत.

या सगळ्या वेळेत बाकीची बिल्डिंग पार्किंगमध्ये कट्ट्यावर असते. अकरा मजले बांधले, पण माणसं राहतात तळाला. पेठेत गल्लीच्या तोंडाशी जे चालायचं ते सगळं लिफ्टच्या दाराशी चालतं: शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा निकाल, कुणाच्या पोरीला बघायला कोण आलं, मटणाचा दर. "वैनी, चढताय का?" "न्हाई बाई, मी थांबतो हितंच, वर कुकर लावलाय म्हणून जीव लागंना." वॉचमन मामा मधूनमधून वर बघून घोषणा करतात, "लिफ्ट वर हाय, दम धरा." ती वर आहे हे दिव्यावर दिसत असतं, पण मामांनी सांगितल्यावर पटतं. लिफ्ट दुरुस्त होऊन नीट चालली की त्या आठवड्यात कट्टा ओस पडतो आणि शेजारचा माणूस आजारी आहे हे चार दिवसांनी कळतं.

आता पाणी. तेही लिफ्टसारखंच वर जायला कुरकुरतं. माणशी दिवसाला 135 लिटर हा नेहमीचा हिशेब. 44 फ्लॅट, घरात चार माणसं, म्हणजे जवळजवळ 24 हजार लिटर रोज वर चढवायचं. दहा हजारांचा टँकर धरला तर अडीच टँकर. एवढं पाणी चाळीस मीटर वर न्यायला वीज किती लागते? पंपाची गळती-घसरण धरून पाच-सहा युनिट. यावरून दरवर्षी भांडण होतं, आणि खरा खर्च असतो टाकी भरून वाहताना चालू राहिलेल्या पंपाचा. टाकी भरली की पंप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचला शेवाळ धरलं की तो अडकतो. तो काढून घासायचा, एवढंच काम. त्याऐवजी आमच्याकडे खाली उभा राहून "भरली का रे?" ओरडणारा माणूस आहे.

पाण्याचा जोर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो. टाकी टेरेसवर, त्यामुळे पहिल्या मजल्याला तीन किलोच्या वर जोर येतो, नळ सोडला की भांडं हातातून उडतं. अकराव्याला जेमतेम पाव-अर्धा किलो. शॉवरखाली उभं राहिलं तर एक खांदा भिजतो. गॅस गिझर पेटतच नाही, कारण पाण्याचा ठराविक जोर आल्याशिवाय त्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही. (तो गिझर बंद बाथरूमच्या आत बसवू नका. त्याचा धूर वास न येता जीव घेतो.) वरच्या दोन मजल्यांना छोटा बूस्टर आणि खालच्यांना जोर कमी करणारा व्हॉल्व्ह, हा रस्ता. सहावा मजला सुखी असतो, म्हणून त्याला मीटिंगमध्ये बोलू देत नाहीत. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर पाणी येऊनही नळ फुसफुसत असेल तर पाईपात हवा अडकलीय. त्या ओळीतले सगळे नळ वरपासून खालपर्यंत एकदम उघडा. सगळे एकदम, इथंच घोडं अडतं, कारण तिसरा मजला सातव्याशी बोलत नाही.

महापुरात गंमत वेगळीच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, त्यामुळे शहराभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे. अशा वेळी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करून ठेवायची. खालच्या खड्ड्यात पाणी शिरलं तर केबिन तरी वाचते.

मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतात. गरम हवा डक्टमधून वर चढते, त्यामुळे संकेश्वरीचा ठसका चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सारखा वाटला जातो. आमच्याकडे विनातक्रार वर पोचणारी ही एकच गोष्ट. आग लागली तर बाहेर पडून थांबायला राखलेली मोकळी जागा बिल्डिंगला आहे. तिथं सध्या सांडगे वाळतात. आग विझवायच्या पाण्याच्या पाईपावर, म्हणजे होज रीलवर, गाड्या धुतल्या जातात, त्यामुळे तिच्यात पाणी येतं याची तरी खात्री आहे.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दहाची वेळ देतात. कोरमला वीस माणसं लागतात, येतात सात. मग सभा तहकूब करून साडेदहाला तीच सात माणसं तिथंच पुन्हा भरवतात, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. पहिल्या मजल्याचे अण्णा उठतात: "मी लिफ्ट वापरत न्हाई, मी पैसे का भरू?" सेक्रेटरी उपविधी दाखवतात, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा. अण्णा म्हणतात, मग माझ्या नळाचा जोर पण सारखा करा. यावर अकरावा मजला टाळ्या वाजवतो, कारण त्याला काय म्हटलंय ते नीट ऐकू आलेलं नसतं. चहा येतो. बॅटऱ्यांचा विषय शेवटी ठेवलेला असतो. ठराव होतो: सध्याचं कोटेशन जास्त वाटतं, आणखी दोन मागवावीत, आणि तोवर डाव्या लिफ्टच्या बॅटऱ्या लावून बघाव्यात.