‘कॅन्सरचा इलाज आता फुकटात होते, वर्गणी देऊ नका’ या मेसेजले माझं उत्तर

आठ दिवसांपासून गावच्या दोन्ही ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. थोडक्यात असा: कॅन्सरच्या नावानं वर्गणी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, कार्डावर सगळं फुकट होते, तरण्या पोरांना तो खर्र्यानंच (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानंच) होते म्हणजे स्वतःचीच करणी, आणि तरुण शरीर लवकर सावरते, फक्त पॉझिटिव्ह राहावं. खाली हात जोडलेले चार इमोजी. बाजूच्या गावातल्या पोरासाठी वर्गणी सुरू झाली तेव्हापासून जोर जास्तच आहे म्हणून लिहून राहिलो. मला 23 व्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला होता, चार वर्षं झाली, आता बरा आहे.

पहिलं फुकटाचं. कार्ड खोटं नाही बाप्पा. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता कुटुंबाला वर्षाचं 5 लाखाचं कव्हर आहे, माझ्या वेळी फुले योजनेत दीड लाखच होतं आणि तेवढ्यात माझ्या केमो झाल्या, नाही तर वावर विकावं लागलं असतं. पण कार्ड कामी येते निदान झाल्यावर. त्याच्या आधी मानेची गाठ टीबीची समजून तीन महिने गोळ्या खाल्ल्या, मग सोनोग्राफी, बायोप्सी, पेट स्कॅन, हे सगळं घरच्या खिशातून. केमो दर पंधरा दिवसांनी, एकूण बारा. दारव्हा तालुक्यातून यवतमाळला बस बदलून नागपूर, दोन माणसं, एक मुक्काम, डबा, ऑटो, आणि बाबाची मजुरी बुडाली ती वेगळी. त्यात पेरणीही आली आणि सोंगणीही. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत 100 टक्के सवलत आहे, सोबतच्याला 75 टक्के, पण आमच्याकडं रेल्वे कुठं, शकुंतला गाडी तर कधीची बंद. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर पेशंट बसते, महिन्याला 1500 रुपये, अर्ज तहसीलात. जरूर करा, फक्त उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चकरा किती होतात ते मला विचारू नका.

आणि ज्या पोरीचं नुकतंच लग्न झालं तिचं काय? योजनेसाठी लागणाऱ्या माहेरच्या रेशनकार्डातून नाव कटलं, सासरच्यात अजून चढलं नाही. वार्डात बाजूच्या बेडवरच्या ताईचे नऊ दिवस ह्याच एका कागदात गेले.

आता खर्रा. खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर होते ह्यात वादच नाही, आपल्याकडं दहावीतले पोट्टे पन्नी चोळत बसतात. पण लिम्फोमा, हाडाचा, रक्ताचा, अंडकोषाचा, तरुणांत हे कॅन्सर जास्त दिसतात आणि जन्मात खर्रा न खाल्लेल्यालाही होतात, मी सुपारी पण खात नव्हतो. आणि समजा खर्र्यानंच झाला, मग? दारू पिऊन गाडीवरून पडलेल्याला आपण रस्त्यावरून उचलतोच ना.

तरुण शरीर सावरते हे अर्धं खरं. शरीर सावरलं, नोकरी गेली ती गेलीच, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की पाहुणे परत फोन करत नाहीत. एका नातेवाइकाच्या घरी सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा आणि मला कागदी कपात. हा रोग लागत नाही हे त्या घरातल्या बीएस्सी झालेल्या पोरालाही माहीत होतं. अजून एक, केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येते हे मला सहाव्या केमोनंतर कळलं, तेही दुसऱ्या पेशंटकडून. बाप बाजूला बसून असते, विचारायची लाज वाटते. तरी पहिल्या केमोच्या आधी विचारा, पोरींनी पण विचारा, त्यांच्यासाठीही उपाय असतात.

पॉझिटिव्ह राहा म्हणणाऱ्यांवर मी रागावत नाही, पण केमोचं ते लाल औषध चढलं की लघवी लाल होते, बसमध्ये पन्नी तोंडाशी धरून बसावं लागते, तेव्हा तो शब्द ऐकूच येत नाही. माझा मित्र असं कधी बोलला नाही. तो मागच्या चाकावरची सीट टाळून पुढची धरायचा, खिशात चार पन्न्या ठेवायचा आणि नागपूर येईपर्यंत कापसाच्या भावावर बोलत राहायचा. रात्री झोप येत नसेल, मनात भलतंसलतं येत असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वर्गणीत फसवणूक होते, मान्य. मग रिपोर्ट पाहायला मागा, पैसे सरळ दवाखान्यात भरा, नाही तर बसची तिकिटं काढून द्या.

त्या पोराची तिसरी केमो गुरुवारी आहे. सोबत कोण विचारलं तर त्याचे बाबा म्हणे मीच, पण सोयाबीन उभं आहे. ह्या खेपेला मी जाऊन राहिलो. पंधरा दिवसांनी चौथी आहे, तेव्हा कोण जाते ते ग्रुपवरच सांगा.