माइक धरता आला म्हणजे खेळ कळला?

स्थानिक चॅनेलवर सामना लावला की हल्ली आधी आवाज बंद करावा लागतो. कुठून पकडून आणतात ही समालोचक मंडळी? केस सेट, हसू सेट, खेळाचा पत्ता नाही!

परवा कबड्डी चालू होती. बचावाला तिघंच उरलेले, त्यांनी चढाईपटूला धरून पाडला. सुपर टॅकल, दोन गुण! आमचे साहेब मात्र "एक गुण, एक गुण" करत सुटलेले. फलकावर दोन दिसले तर म्हणे, "बहुतेक काहीतरी तांत्रिक गडबड दिसतेय." अरे बाबा, गडबड फलकात नाहीये!

क्रिकेटमध्ये चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर, तरी पायचीत दिलं नाही म्हणून पंचांवर तोंडसुख. फुटबॉलमध्ये थेट थ्रो-इनवरून ऑफसाइड शोधणार. आणि गोल होतो तेव्हा? तेव्हा बाईसाहेब प्रायोजकांचे आभार मानत असतात.

मुलाखतींचं तर विचारूच नका. हरलेला कर्णधार घामाने निथळतोय आणि प्रश्न काय, तर "कसं वाटतंय?" कसं वाटणार? गुदगुल्या होतायत त्याला!

वर चॅनेलवाले म्हणणार, नवखे आहेत, शिकतील. शिकू देत की! पण आमच्या कानांवर कशाला? नियमांचं पुस्तक वाचायला कुणी हात धरलाय? निदान सामन्याआधी खेळाडूंची नावं तरी विचारून घ्या. सात नंबरची जर्सी, सात नंबरची जर्सी... अहो, त्या पोराचं बारसं झालंय!