अंटार्क्टिका वितळण्याआधी उरकून घ्या

चारधाम झालं, युरोप झालं, समोरच्या विंगमधल्यांचं तर मागच्या वर्षी अलास्काही झालं. तेव्हा आता एफडी मोडायला कचरू नका. अंटार्क्टिका अजून आहे. जाहिरातीत 'शेवटची संधी' असं लिहिलेलं असतं आणि यंदा तरी ती जाहिरात खोटी नाही. 2023-24 च्या हंगामात सव्वा लाखाच्या आसपास माणसं तिकडे जाऊन आली. एवढ्या गर्दीत आपलं कुणीतरी भेटेलच, शिवाय टूरसोबत पोहे करणारा महाराजही असतो.

मुंबईहून विमानं बदलत अर्जेंटिनातल्या उशुआयाला पोहोचा आणि तिथून जहाजात बसा. पुढे ड्रेक पॅसेज नावाचा खवळलेला समुद्र आहे. साधारण दोन दिवस उलट्या होतील, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

किनाऱ्यावर उतरण्याआधी मात्र शिस्त पाळा. बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवतात, बॅगेच्या वेल्क्रोत अडकलेली गवताची कुसळं चिमट्याने काढतात. बाहेरचं एक बीसुद्धा त्या भूमीवर पडता कामा नये. एका वेळी शंभरापेक्षा जास्त पर्यटक उतरत नाहीत आणि पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहावं लागतं. इथवर येताना विमानाने आणि जहाजाने किती धूर सोडला, हे कुठल्याही फॉर्मवर विचारत नाहीत, त्यामुळे निर्धास्त राहा. तिथल्या जहाजांची आणि संशोधन तळांची काजळी बर्फावर बसते आणि काळवंडलेला बर्फ ऊन जास्त शोषतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की एका पर्यटकामागे सुमारे 83 टन बर्फ वेळेआधी वितळतो. चौघांचं कुटुंब असेल तर 332 टन. ग्रुप बुकिंगवर सवलत आहेच.

फोटो हिमनगाचे काढा, पेंग्विनचे काढा. पाण्याचे काढू नका, तिथे काही दिसत नाही. सोडावॉटर जितकं गार, तितका त्यात गॅस जास्त राहतो. तोच प्रकार इथे आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा जगभरचे समुद्र गिळतात आणि त्यातला सुमारे 40 टक्के वाटा एकटा अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर उचलतो. गिळलेल्या गॅसचं पाण्यात आम्ल होतं. परत आल्यावर स्लाइड शो दाखवाल, तेव्हा रसायनशास्त्र शिकलेल्या भाच्याला शक्यतो बोलावू नका. तो म्हणेल, औद्योगिक क्रांतीपासून जगातल्या समुद्रांच्या पृष्ठभागाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 8.2 वरून 8.1 वर आलाय, आणि हा आकडा उतरला की आम्लता चढते. तुम्ही म्हणाल, अरे, एका दशांशाने काय होतं? मग तो फळाच मागवेल आणि सांगेल, की पीएचची पट्टी लॉगरिदमची असते, एका अंकाला दहापट फरक, म्हणजे आम्लता 30 टक्क्यांच्या आसपास वाढली. हे आम्ल पाण्यातलं कार्बोनेट खाऊन टाकतं. शंखवाल्या जिवांना कवचासाठी तेच लागतं आणि थंड पाण्यात ते मुळातच कमी असतं. सागरी फुलपाखरं नावाच्या इवल्या गोगलगायी असतात, पायाचे पंख करून पोहतात. 2008 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रातून त्या जिवंत पकडल्या, तेव्हा काहींची कवचं अंगावरच झिजू लागलेली होती. हे बघायला मायक्रोस्कोप लागतो, तो केबिन बॅगेत मावत नाही.

व्हेल दिसला की ओरडा, सगळेच ओरडतात. त्याचा आणि तुमचा नाश्ता एकच आहे, हे लक्षात असू द्या. तुमच्या औषधाच्या डबीतली ओमेगा-3 ची लाल कॅप्सूल क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या जिवांच्या, तेलाची असेल, तर ती त्याच्याच ताटातली आहे. क्रिलची पिल्लं हिवाळ्यात समुद्री बर्फाच्या पोटाखालचं शेवाळ खरवडून जगतात. बर्फ कमी झाला की पिल्लंही कमी होतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या समुद्रांत क्रिल पकडण्यावर 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा आहे. 2025 मध्ये ती पहिल्यांदाच गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच जाळी गुंडाळावी लागली. बर्फ घटतोय आणि मासेमारी वाढतेय. कॅप्सूल जेवणानंतर घ्या.

सम्राट पेंग्विन दिसले नाहीत म्हणून टूरवाल्याशी भांडू नका. त्यांच्या वसाहती सहसा या वाटेवर नसतात. 2022 च्या अखेरीस अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं फुटण्याआधीच पायाखालचा बर्फ फुटला. पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहाच्या चित्रांवरून दिसतं. टूरच्या माहितीपत्रकावर सम्राटच असतो, त्याला इलाज नाही.

(1981 साली सागरशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली होती. ती मंडळी मोजमापं घेऊन परतली. पोह्यांची सोय बहुधा नव्हती.)

घरी आल्यावर बॅगा उघडण्याआधी आर्क्टिकचं बुकिंग करून टाका. कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा उत्तर-पश्चिम मार्ग पार करायला नॉर्वेच्या आमुंडसेन या दर्यावर्दीला 1903 ते 1906 अशी तीन वर्षं लागली, मधे बर्फात अडकून पडावं लागलं. 2016 मध्ये सुमारे हजार प्रवाशांचं आलिशान जहाज तिथून महिन्याभरात पार झालं. तिथे आता समुद्र बराच मोकळा झालाय. ज्येष्ठ नागरिकांसाठी बाल्कनीवाली खोली घ्या, आणि खिडकीतून बर्फ दिसेल असं लेखी मागू नका, कारण तेवढी हमी कुणी देत नाही.