अमेरिकेतला पैसा नेमका कुठून शिरतो

अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: “तिथे लाचेलाच लॉबिंग म्हणतात. कंपन्या खासदारांना हवे तेवढे पैसे उघडपणे देतात. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला परवानगी दिली. ज्याच्याकडे पैसा जास्त तोच निवडून येतो. आणि कोणी किती दिले ते कुणालाच कळत नाही.” तिथल्या राजकारणावर पैशाचं दडपण प्रचंड आहे, यात वाद नाही. पण तो पैसा ज्या वाटांनी आत येतो त्या या मजकुरात नाहीतच. म्हणून एकेक विधान तपासू.

“कंपन्या खासदारांना हवे तेवढे पैसे देतात.” नाही. अध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्या निवडणुकीत कंपनीच्या तिजोरीतून उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही. ही बंदी १९०७ च्या टिलमन कायद्याची आहे आणि आजही लागू आहे. व्यक्तीलाही मर्यादा आहे: २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीपुरते ३,५०० डॉलर. प्राथमिक (मुख्य लढतीचे उमेदवार ठरवणारी) आणि मुख्य निवडणूक वेगळ्या मोजतात, म्हणजे दोन्ही मिळून ७,०००. कंपनी स्वतःचा ‘पॅक’, म्हणजे वर्गणी गोळा करून उमेदवारांना देणारी समिती, काढू शकते, पण त्यातला पैसा अधिकारी, कर्मचारी आणि भागधारकांच्या ऐच्छिक वर्गणीचा असावा लागतो. कंपनी फक्त तो चालवण्याचा खर्च उचलते. असा पॅक साधारणपणे एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलर देऊ शकतो.

मग ‘अमुक टेक कंपनीने तमुक उमेदवाराला इतके लाख दिले’ हे तक्ते येतात कुठून? २०० डॉलरहून जास्त देणाऱ्याचा व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण प्रचार समितीला नोंदवावं लागतं. तक्ते करणारे त्या ठिकाणानुसार बेरीज करतात. इंजिनिअरने आपल्या पगारातून दिलेले २५० डॉलर अशा रीतीने ‘कंपनीची देणगी’ म्हणून वाचले जातात. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते, एच-१बी व्हिसावर देता येत नाही, अगदी शहराच्या निवडणुकीतही नाही. एकाने पैसे द्यायचे आणि दुसऱ्याच्या नावाने पावती करायची, हाही गुन्हाच.

मात्र हे नियम संघीय निवडणुकांचे आहेत. राज्यांच्या निवडणुकांचे कायदे वेगळे. व्हर्जिनियात कंपनी राज्याच्या उमेदवाराला कितीही देऊ शकते. मूळ मजकूर तिथे लागू पडतो.

“२०१० च्या निकालाने सगळं सुरू झालं.” इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गोंधळ याच मुद्द्यावर आहे. पाया १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या निकालाने घातला. कोर्टाने तेव्हा देणगीवरची मर्यादा राखली, पण खर्चावरची मर्यादा रद्द केली. उमेदवाराने स्वतःचा किती पैसा ओतावा यावरचं बंधनही काढलं. जानेवारी २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्यांना आणि कामगार संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करण्याची मुभा दिली. उमेदवाराला थेट पैसे देण्याची नव्हे. सुपर पॅक, म्हणजे कितीही देणगी घेऊन उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचार करणारी समिती, जन्माला आला तो दोन महिन्यांनी, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातल्या ‘स्पीचनाऊ’ खटल्यातून: खर्च स्वतंत्र असेल तर त्यासाठी घेतलेल्या देणगीलाही मर्यादा नको. या दाराने सर्वांत जास्त आत आले ते अतिश्रीमंत लोक. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले.

सगळी मदार ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. उमेदवार आपल्या संकेतस्थळावर स्वतःची आवाज नसलेली दृश्यं ठेवतो. सुपर पॅक ती उचलून जाहिरात बनवतो. ‘या भागातल्या मतदारांना हे कळायला हवं’ असा मजकूर लाल चौकटीत टाकला की कोणती जाहिरात कुठे चालवायची ते सांगून होतं. प्रत्यक्ष फोन नाही, म्हणून संगनमत नाही. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घरोघर प्रचाराच्या कामात उमेदवार आणि बाहेरच्या गटांना एकत्र आखणी करायला मोकळीक दिली. आयोगात सहा जागा, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीन अशी कोंडी ठरलेली. २०२५ मध्ये तर सदस्य चारपेक्षाही कमी उरले.

“ज्याचा पैसा जास्त तोच जिंकतो.” अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला १०० कोटी डॉलरच्या आसपास स्वतःचे खर्चले आणि जिंकलं फक्त अमेरिकन सामोआ हे छोटं बेट. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तिपदाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी २ कोटी डॉलरहून जास्त लावले. त्यांचा उमेदवार हरला. गाजलेल्या लढतीत बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. शिवाय मतदानाआधीच्या ठरावीक दिवसांत टीव्हीवर जाहिरातीचा सर्वांत कमी दर उमेदवारालाच मिळतो, सुपर पॅकला नाही. त्यामुळे बाहेरचा डॉलर कमी सेकंद विकत घेतो. आणि देणगीदार जिंकणाऱ्याकडे धावतात, हेही ‘जास्त पैसा म्हणून विजय’ असं भासण्याचं एक कारण.

पैसा खरा चालतो तो प्राथमिक फेरीत, जिथे मतदान कमी आणि उमेदवार अनोळखी. २०२४ मध्ये क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या ‘फेअरशेक’ या सुपर पॅकने कॅलिफोर्नियात सिनेटसाठी उभ्या असलेल्या खासदार केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे १ कोटी डॉलर लावले. जाहिरातीत क्रिप्टोचं नावही नव्हतं. पोर्टर पहिल्याच फेरीत बाद झाल्या, आणि बाकीच्या खासदारांना संदेश पोचला. मला ही गोष्ट कुठल्याही पाकिटापेक्षा भयंकर वाटते: खासदाराचं मत बदलायला त्याला पैसा द्यावाच लागत नाही, तो विरोधात येऊ शकतो एवढं पुरतं.

“लाचेलाच लॉबिंग म्हणतात.” लॉबिंग म्हणजे ग्राहकाकडून मोबदला घेऊन त्याच्या बाजूने खासदारांचं मन वळवणं. लाच हा तिथेही गुन्हाच आहे. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरी सोन्याच्या विटा सापडल्या, २०२४ मध्ये ते दोषी ठरले, जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. नोंदणीकृत लॉबिस्टला खासदाराला भेटवस्तू देता येत नाही. १९९५ च्या कायद्याने त्याला दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो: ग्राहक कोण, मोबदला किती, विधेयक कोणतं. पण कोणत्या खासदाराला भेटला ते लिहावं लागत नाही. ‘सिनेट’ एवढं पुरतं. आणि एका ग्राहकासाठी २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंग केलं तर नोंदणीच लागत नाही. माजी खासदार ‘सल्लागार’ म्हणून याच फटीत बसतात. लाचेच्या कायद्यातही भोक पडलं आहे: सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या स्नायडर निकालानुसार राज्य किंवा शहराच्या अधिकाऱ्याने काम झाल्यावर घेतलेली ‘बक्षिशी’ त्या संघीय कलमात बसत नाही.

“कोणी दिले ते कळत नाही.” बरंच कळतं. सिटिझन्स युनायटेडच्याच निकालात आठ न्यायमूर्तींनी नावं उघड करण्याचे नियम कायम ठेवले. सुपर पॅकचे देणगीदार निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. मात्र देणगीदाराच्या रकान्यात एखादी ‘५०१(सी)(४)’ संस्था (‘समाजकल्याणा’साठी म्हणून करमाफी मिळालेली) दिसली की माग तिथेच तुटतो, कारण तिला सहसा आपले देणगीदार सांगावे लागत नाहीत. दुसरी युक्ती तारखांची. निवडणुकीपूर्वीच्या अहवालाचा हिशेब मतदानाच्या २० दिवस आधी बंद होतो. त्यानंतर आलेल्या पैशातून केलेला खर्च २४ तासांत जाहीर करावा लागतो, पण तो पैसा दिला कोणी हे पुढच्या अहवालात येतं, मतमोजणी होऊन गेल्यावर.